सात शतांश

५ जुलै १९९३, सोमवार

आज ओतीव लोखंडाचे भाग आले. पाच नग. ट्रकवरून उतरवताना आमचा मालक किंग्सली स्वतः बाहेर थंडीत उभा होता. इथल्या जुलैच्या हिवाळ्यात एरवी तो ऑफिसातला हीटर सोडून हलत नाही. डोंगरातल्या जुन्या वीजकेंद्रात बेअरिंग ज्यांत बसतात ती घरं आहेत ही. त्यांना चार हवीत, पाचवं राखीव. ओतणारा कारखाना मार्चमध्ये बंद पडला आणि साचेही जाळले म्हणे, म्हणजे जे काही आहे ते हे पाच. ऑगस्टअखेर चार घरं जागेवर बसली नाहीत तर केंद्र दुरुस्त करायचंच नाही, कायमचं बंद करायचं, असं वरच्यांनी ठरवलंय. तिथे अकरा माणसं आहेत. इथे आम्ही सहा, आणि यानंतरचं मोठं काम अजून कुणी पाहिलेलं नाही.

किंग्सलीने सगळ्यांसमोर सांगितलं, "बोरिंग मशीन नोलाकडे. जॉब तीच बांधणार, तीच कापणार."

लेथवरून डेस म्हणाला, "चला, बिघडलं तर मी नव्हतो."

सगळे हसले. मीही हसले.

एवढं मोठं काम पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या नावावर आलंय. रोजचं लिहून ठेवावं म्हणून ही वही. मास्तरांनीच सांगितलं, "लिही, पोरी. डोकं विसरतं, वही विसरत नाही."

मास्तर म्हणजे ब्रोनेक वोयनार. युद्धानंतर पोलंडहून आले, आधी डोंगरात धरणांवर, मग इथे चौतीस वर्षं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रोज सकाळी सहाला येऊन कुलूप काढतात, शेगडी पेटवतात. साडेसातला आम्ही येतो तेव्हा वर्कशॉप उबदार असतं. दहाचा चहा आमच्यात घेतात आणि घरी जातात. एकोणीस वर्षांची मी हत्यारं देण्याच्या खिडकीत बसून नट आवळायचे पाने मोजत होते. तिथून उठवून मला मशीनवर उभं करणारे हेच. तेव्हा या अख्ख्या किनाऱ्यावर मशीनवर बाई नव्हती.

७ जुलै, बुधवार

दिवसभर पहिला जॉब, म्हणजे पहिलं घर, मशीनच्या टेबलावर बांधला. नुसता बांधला, कापला फक्त वरवर.

घराचा तळ आधीच सपाट होऊन आलाय. आता बोरिंग मशीनवर त्यात दोन मोठी भोकं कोरायची, ती तळाशी समांतर हवीत. मुभा दोन शतांश मिलिमीटरची. माणसाचा केस सात शतांश भरतो. म्हणजे केसाच्या जाडीएवढी चूकसुद्धा आम्हाला साडेतीनपट.

चार ठोकळ्यांवर जॉब ठेवला. प्रत्येक कोपऱ्याखाली सिगारेटच्या कागदाची पट्टी घालायची आणि ओढून बघायची, ही मास्तरांची रीत. चारही कोपऱ्यांत कागद सारखाच अडकला पाहिजे. एक जरी सुळकन निघाला तरी तो कोपरा अधांतरी. मग कागद काढून, क्लॅम्पचे नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. फार आवळले तर लोखंड वाकतं. मशीनवर सरळ कापलं जातं आणि सोडल्यावर मूळच्या वळणावर जातं.

मास्तर मागे उभे राहून बघत होते. "लोखंडाला घाई कळत नाही," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले.

वरवरचं कापून झाल्यावर नट ढिले केले, हलक्या हाताने पुन्हा आवळले, जॉब सरळ बसलाय का ते दाखवणारी डायल फिरवून पाहिली. काटा हलला नाही. आता रात्रभर लोखंड निवू दे. कापायचा शेवटचा हात उद्या.

८ जुलै, गुरुवार

वाया गेलं.

सकाळी मशीन सुरू केलं, शेवटचा हात मारला. भोकाची झळाळी बघून मीच खूश. जॉब सोडून मोजमापाच्या सपाट फरशीवर मोजला तर एका टोकाला सात शतांशांनी वर. पुन्हा मोजलं. डेसला बोलावून मोजायला लावलं. त्याने डायलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लेथकडे परत गेला.

सकाळी डायल पुन्हा फिरवून बघायला हवी होती. रात्री बरोबर होतं म्हणून बघितली नाही. किंग्सली एवढंच म्हणाला, "आता राखीव नाही, नोला." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मास्तरांनी माझा हात धरला. "होतं, पोरी. होतं." त्यांची बोटं काळी झाली होती. शेगडीची राख, दुसरं काय.

१३ जुलै, मंगळवार

काल दुसरा जॉब बांधला. आज सकाळी आल्या आल्या, कोटसुद्धा न काढता डायल लावली. काटा सरकला. सहा शतांश. संध्याकाळी शून्य होतं, मी वहीत लिहिलंय.

सगळं सोडलं. पुढच्या डाव्या कोपऱ्याखाली कागदाचा तुकडा निघाला. तेल पिऊन पारदर्शक झालेला, वर बारीक छपाई, अक्षरं लावता येईनात. माझ्या पट्ट्या मी मोजून काढल्या होत्या, चारच्या चार. वेष्टनातला असेल, तळाला चिकटून आला असेल. म्हणजे पहिल्याच्या वेळीही हेच झालं असणार! सगळे तळ रॉकेलने धुतले, ठोकळे धुतले, टेबल धुतलं. डेस म्हणाला, "आता मशीनला साबणही लाव, कानामागे राहिला असेल मळ."

पुन्हा बांधला. आज झोप लागेल.

१४ जुलै, बुधवार

पाच शतांश. कागद नाही, काही नाही. एक नट मात्र बाकीच्यांपेक्षा घट्ट वाटला. मीच आवळला असेन.

१६ जुलै, शुक्रवार

दुसरं घर झालं. बरोबर झालं! काल पुन्हा बांधला, आज पहाटेपासून स्वतः उभी राहिले. साडेपाचला किंग्सलीच्या किल्लीने मीच कुलूप काढलं, मशीनपासून हलले नाही, चहासुद्धा तिथेच. आठपर्यंत शेवटचा हात मारून मोकळी झाले. एक शतांश. किंग्सलीने पाठ थोपटली.

मास्तर सहाला आले ते दार उघडं बघून गडबडले. "मला उशीर झाला का?" तीनदा विचारलं. मग शेगडीपाशी जाऊन बसले. आज ते जरा रुसल्यासारखे होते.

मला कारण सापडलंय असं वाटतं. वर्कशॉप नदीच्या तोंडाशी आहे, खाली सगळा गाळ. भरती आली की जमीन उचलत असणार. मशीनचा पाया एकीकडे, टेबलाचा एकीकडे. भरती-ओहोटीचं कोष्टक मागवलंय. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "हो, लोखंड श्वास घेतं." त्यांना पटलंय.

१८ जुलै, रविवार

मास्तरांकडे जेवायला गेले होते. त्यांच्या पत्नी हालिनाबाईंनी कोबीचं सार आणि खसखशीचा केक केला होता. मास्तरांनी सारात साखर घातली आणि हसून म्हणाले, "आज गोड." थट्टेखोर स्वभाव जात नाही त्यांचा. जेवताना मला "हांका, पाव दे" म्हणाले. हांका त्यांची धाकटी बहीण, युद्धात गेली. मला बरं वाटलं. बहिणीसारखं मानतात.

टेबलाच्या कोपऱ्यावर पोस्टाने येणाऱ्या पोलिश वर्तमानपत्राचा गठ्ठा होता, कडेने पट्ट्या कापलेल्या, अगदी सरळ. हालिनाबाई म्हणाल्या, "हल्ली हेच चालतं. रोज सकाळी दोन-चार पट्ट्या खिशात घालून निघतात. कशाला म्हटलं तर म्हणतात, कामाला."

शेगडी पेटवायला नेत असतील.

निघताना त्या माझ्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. "तिकडे सगळं ठीक असतं ना? म्हणजे ते... नीट वागतात ना?"

मी म्हटलं, "त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही."

त्या काहीतरी बोलणार होत्या. मग म्हणाल्या, "बरं. असू दे." गाडी वळवली तरी त्या फाटकातच उभ्या होत्या.

२१ जुलै, बुधवार

तिसरं गेलं.

मला कळत नाही. कोष्टक भिंतीवर लावलंय, ओहोटीची वेळ गाठली होती. साडेसातला डायल लावली. शून्य. नऊला पुन्हा. शून्य. दहाला किंग्सलीने ऑफिसात बोलावलं, वीजकेंद्राच्या इंजिनियरचा फोन होता, त्याला तारखा सांगायच्या होत्या. वीस मिनिटं. परत येऊन थेट शेवटचा हात मारला. सोडलं, मोजलं. आठ शतांश.

वीस मिनिटांत जमीन हलत नाही. वीस मिनिटांत लोखंड निवत नाही. बाकीचे चहाच्या खोलीत होते. मशीनजवळ डेस होता, त्याने आज चहा लेथवरच घेतला. मास्तर तेवढे होते, कप धुवायला नळाशी आले होते.

आता दोन ओतीव उरलेत आणि एक तयार. तीन होतील. चार होणार नाहीत.

मी फरशीवर बसले. उठायला कुणाचा तरी हात लागला. तोही मास्तरांचाच.

२२ जुलै, गुरुवार

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आज चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मी डेसला म्हटलं, "माझ्या जॉबला हात लावलास ना तू?"

तो कप ठेवून म्हणाला, "काय?"

"पहिल्या दिवसापासून तुला खुपतंय. मशीन माझ्याकडे आलं ते."

डेसचे कान लाल झाले. वीस वर्षं आम्ही एका छपराखाली काम करतोय. माझ्या घटस्फोटाच्या वेळी सामान हलवायला त्याचीच गाडी होती. तो मास्तरांकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मग म्हणाला, "नाही लावला." एवढंच. उठून गेला.

मास्तर म्हणाले, "भांडू नका मुलांनो. फोरमन येईल."

फोरमन म्हणजे हेच होते. जुन्या सवयी.

२३ जुलै, शुक्रवार

किंग्सलीने काम माझ्याकडून काढून डेसला दिलं. "शिक्षा नाही ही," म्हणाला. "तुझे हात थरथरतायत, नोला." थरथरतायत हे खरं आहे. मला कोपऱ्यातलं छोटं मशीन दिलं, खाचा पाडायला. माझ्याशी कुणी बोलत नाही. बरोबरच आहे.

रात्री विचार केला, इतकी वर्षं मी जे सरळ बांधलं ते खरंच सरळ होतं का? की मागून कुणी सावरून घेत होतं?

२७ जुलै, मंगळवार

कसं लिहू. क्रमाने लिहिते.

चौथा जॉब डेसने काल बांधला, आज शेवटचा हात होता. दहा वाजता सगळे चहाला गेले. मी जात नाही हल्ली. छोट्या मशीनमागे डब्यावर बसून सँडविच खात होते, म्हणून कुणाला दिसत नव्हते.

मास्तर आले. खिशातून पाना काढला, त्यांचा स्वतःचा, मुठीवर चामडं गुंडाळलेला. डेसच्या जॉबचा एक नट ढिला केला, मग दुसरा. आतल्या खिशातून कागदाची पट्टी काढली, जिभेवर ओली केली आणि कोपऱ्याखाली सरकवली. ओढून बघितली, मान हलवली. नट आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे, अगदी मला शिकवलेत तसे. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, त्यांच्या भाषेत. कसली घाई नाही, कसली चोरी नाही. चाळीस वर्षं जे केलं तेच करत होते.

मी उठून जवळ गेले. "मास्तर, काय करताय?"

ते दचकले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. नोलाचं काम आहे हे. पोर चांगली आहे, पण अजून शिकतेय. हा कोपरा वर राहतो तिचा. मी रोज येऊन सरळ करून ठेवतो." आणि मग माझा दंड धरून, "तिला सांगू नकोस हं. मन खट्टू होईल तिचं."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांच्या डोळ्यांत माझं तोंड दिसत होतं.

मी म्हटलं, "नाही सांगत."

ते समाधानाने कप धुवायला गेले. मी नट सोडले, कागद काढला, पुन्हा आवळलं, डायल फिरवली. चहाची वेळ संपायला तीन मिनिटं होती. माझे हात थरथरले नाहीत. शून्यावर आणलं. डेस आला, त्याने स्वतः डायल लावली, शेवटचा हात मारला. घर बरोबर झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनीही.

कागद माझ्या खिशात आहे.

२८ जुलै, बुधवार

किंग्सलीला सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. पाचवा जॉब उरलाय.

तो बराच वेळ पेपरवेट फिरवत बसला. "खात्री आहे?"

मी कागद टेबलावर ठेवला.

"माझ्या बापाने घेतलं होतं त्यांना कामावर," तो म्हणाला. मग, "किल्ली काढून घ्यायला हवी. तू माग. तुझं ऐकतील."

"मी नाही."

"मग मी मागू? मालक म्हणून? ते बरं दिसेल?"

२९ जुलै, गुरुवार

पहाटे सहाला गेले. ते शेगडीपुढे ओणवे होते. मी म्हटलं, "मास्तर, फार गारठा पडतोय. उद्यापासून मी उघडत जाईन. तुम्ही दहाच्या चहाला या."

"शेगडी कोण पेटवेल?"

"मीच."

त्यांनी किल्ली काढून दिली. कुरकुर नाही, काही नाही. मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. "लाकडं फार कोंबू नकोस," म्हणाले. "धूर होतो."

तिथून हालिनाबाईंकडे गेले. त्या दारातच म्हणाल्या, "कळलं का शेवटी?" त्यांना वर्षभर माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं. "पण वर्कशॉपमध्ये ठीक असतील असं वाटायचं मला. तिथे तरी. हाताचं काम हात विसरत नाहीत ना?"

विसरत नाहीत. हे मी त्यांना कसं सांगू?

२ ऑगस्ट, सोमवार

सातला उघडायला गेले तर मास्तर दाराशी उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे, टोपीवर दंव होतं. खिशात किल्ली शोधत होते. मी म्हटलं, "माझ्याकडे आहे." ते म्हणाले, "हां. हां." उद्यापासून सहालाच येईन असं ठरवलं.

आज चहाच्या खोलीत मी उभी राहून म्हटलं, "डेसने काहीही केलं नव्हतं. चूक माझ्या बांधणीत होती. मी त्याला सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते." मास्तरांचं नाव घेतलं नाही. किंग्सली आणि मी, दोघांनाच माहीत आहे.

निघताना डेस गाडीपाशी थांबला होता. "चूक तुझ्या बांधणीत नव्हती."

मी गाडीच्या किल्ल्या काढल्या.

"त्या दिवशी नळाशी आले तेव्हा मशीनपाशी वाकलेलं मी बघितलं होतं गं त्यांना. मला वाटलं, बघतायत नुसते. तू फरशीवर बसलीस तेव्हा कळलं."

"मग मी तुला बोलले तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"ते समोर बसले होते ना," डेस म्हणाला. "आणि तू विश्वास ठेवला असतास?"

नसता ठेवला.

३ ऑगस्ट, मंगळवार

पाचवं घर बरोबर झालं, म्हणजे तीन तयार, आणि चौथ्यासाठी डेसने एक मार्ग काढलाय. वाया गेलेल्या तिसऱ्या घराची भोकं मोठी करायची, सरळ करायची आणि आत पोलादाचं अस्तर ठोकायचं. इंजिनियर फोनवर आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, आणा, मोजून ठरवतो. काम दोघांनी मिळून करायचं. जॉब बांधायला मी, कापायला तो. किंग्सली म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा."

६ ऑगस्ट, शुक्रवार

आज मी सहाला पोचले नाही. गाडीच्या काचेवर बर्फ जमलं होतं, ते खरवडण्यात वीस मिनिटं गेली.

मास्तर दाराच्या पायरीवर पडले होते. घसरले. खुब्याचं हाड मोडलंय. माझ्याकडे बघून म्हणाले, "बंद आहे."

कुलूप मी लावलेलं होतं.

१२ ऑगस्ट, गुरुवार

हॉस्पिटलातून आले. ऑपरेशन झालं, मग ताप चढला, तीन दिवस भ्रमात होते. आता ताप उतरलाय पण इंग्रजी गेली आहे. सगळीच्या सगळी. पंचेचाळीस वर्षं बोलत होते. नर्सने पाणी हवं का विचारलं तर ते हालिनाबाईंकडे बघतात. डॉक्टर म्हणाले, आधी शिकलेली भाषा शेवटपर्यंत राहते. परत येईल का, तर खांदे उडवले.

मी पलंगाशी तासभर बसले. त्यांनी मला सगळं शिकवलं, पण त्यांच्या भाषेतला एक शब्द मी कधी विचारला नाही. खांद्यावरून हात फिरवला तर हात झटकला नाही, एवढंच.

१९ ऑगस्ट, गुरुवार

इंजिनियर आला. चारही घरं सपाट फरशीवर मांडून दोन तास मोजली. अस्तर घातलेल्या घरावर अर्धा तास. शेवटी पेन काढून सही केली. किंग्सलीने सगळ्यांना खिमा भरलेल्या पेस्ट्र्या खायला घातल्या, सॉस सांडेपर्यंत. डेस म्हणाला, "बघा, मी होतो म्हणून."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. डोंगरातली अकरा माणसं कामावर राहतील. मी घरी येऊन बूटही न काढता खुर्चीत बसून राहिले.

२१ ऑगस्ट, शनिवार

मास्तरांना काल घरी सोडलंय. आज भेटायला गेले. खिडकीपाशी बसले होते, चालायला काठी दिलीय. मी आत आले तसे ते धडपडत उठून उभे राहिले आणि टोपी काढली. मला वाटलं ओळखलं.

मग ते हालिनाबाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलू लागले. माझ्याकडे बोट न दाखवता, मान झुकवून. हालिनाबाईंनी ऐकून माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणतात?"

"तुम्हाला विचारायला सांगतात," त्या म्हणाल्या, "इथे काही काम मिळेल का. म्हणतात, बाईंना सांग, भाषा येत नाही मला, पण हात चांगला आहे. बोटीतून आत्ताच उतरलोय. कसलंही काम चालेल."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. कुणाकडेही असं बघताना.

मी काय करायला हवं होतं? आता विचार करते तेव्हा दहा गोष्टी सुचतात. तेव्हा मी म्हटलं, "सांगा, आहे. सोमवारपासून या म्हणावं."

हालिनाबाईंनी सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि खूप वेळ सोडला नाही.

२३ ऑगस्ट, सोमवार

सव्वासहाला हालिनाबाईंचा फोन. "पाचपासून कोट घालून बसलेत. डबा करून घेतला माझ्याकडून. येताय ना तुम्ही?"

वर्कशॉपमध्ये नेता येत नाही. किंग्सलीने साफ सांगितलंय, आणि त्याचं चूक नाही. गाडी काढली. त्यांच्या घरी पोचेपर्यंत काहीतरी सुचेल असं वाटलं होतं. सुचलं नाही.

ते फाटकाशी उभे होते, दाढी केलेले, काठी कोटामागे लपवून. मी दार उघडलं, ते बसले. मी समुद्राच्या कडेने गाडी नेत राहिले. पेंग्विन गावापर्यंत गेले. बंदरावरची क्रेन दिसली तेव्हा त्यांनी मान वळवून वळवून पाहिली. बारा वाजता मी गाडी समुद्राकडे तोंड करून लावली. त्यांनी डबा उघडला, अर्धा पाव आणि काकडी मला दिली. मी खाल्लं. जेवल्यावर त्यांनी रुमालाने एकेक बोट पुसलं आणि हात मांडीवर तयार ठेवून बसले.

तीनला परत आणलं. मला वाटलं, आता चिडतील. म्हणतील, फसवलं मला.

ते उतरले, टोपीला हात लावला आणि हालिनाबाईंना खुशीत काहीतरी सांगत घरात गेले.

"काय म्हणाले?"

हालिनाबाईंनी गाडीच्या खिडकीवर हात टेकला. "म्हणाले, पहिल्या दिवशी नुसतं हिंडवून आणतात, माणूस कसा आहे ते बघतात. मशीन उद्या देतील."

मी स्टिअरिंग धरून बसले होते.

"उद्या कितीला तयार ठेवू त्यांना?" त्यांनी विचारलं.